कबुलीवार

“मॅडम, एक लहानशी चूक घ्या,” मी म्हणालो.

लोंढे मॅडमनी डब्यातली मेथीची भाजी पोळीवर घेतली, पोळी दुमडली आणि विचारलं, “कोणाची आहे?”

“कोणाचीच नाही. नवी आहे. कालच तयार केली.”

“काय आहे?”

मी खिशातली चिठ्ठी काढली आणि कँटीनमध्ये आजूबाजूला कोणी नाही असं पाहून वाचली. “‘मी एका बटणाचा रंग तपासायला विसरले. त्यामुळे गडद निळ्याऐवजी फिकट निळा रंग गेला. यातून मी शिकले की छोट्या गोष्टींकडेही लक्ष द्यायला हवं.’ एवढंच. वीस सेकंदांचं काम आहे.”

“पण मी विसरले नाही.”

“ते मला माहीत आहे.”

“आणि ते बटण हिरवं आहे, सर.”

“मग हिरवं म्हणा. गडद हिरवं, फिकट हिरवं. पण म्हणा काहीतरी.”

त्यांनी घास चावून संपवला आणि डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी शाळेत हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभा असताना शिपायाच्या डोळ्यांत पाहिली होती.

मी खुळा नव्हतो, हे आधी सांगतो. नऊ वर्षांपूर्वी बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी आठ जणांच्या टीमचा प्रमुख होतो, आणि टीमसाठी दर आठवड्याला एक चूक पुरवणं हा माझ्या नोकरीचा भाग होता. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी रांगेचं सॉफ्टवेअर बनवायची. पेशंट आला की खिडकीवरच्या मुलीनं त्याचं नाव आणि मोबाइल नंबर घालायचा, त्याला टोकन मिळायचं, पाळी जवळ आली की मेसेज जायचा. आमच्या आधी हे काम खिडकीतला एक माणूस पेनानं करत असे. आम्ही ते बासष्ट जण मिळून करत होतो.

कंपनी वाढली तसा मालकांनी बंगलोरहून निखिलेश सबनीस नावाचा माणूस आणला. त्याचं काम होतं आमच्यात संस्कृती निर्माण करणं. तो पायात केशरी बूट घालायचा आणि कोणी ‘सर’ म्हटलं की त्याला वेदना व्हायच्या. त्याच्यासकट सगळ्यांनी सगळ्यांना अरे-तुरे करावं, असा त्याचा हुकूम होता. लोंढे मॅडमना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “बरं, सर.”

निखिलेशनं कबुलीवार सुरू केला. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, ते कोणाच्याच तोंडात बसलं नाही. दर गुरुवारी चार वाजता मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं. प्रत्येक टीममधून एकानं उभं राहून आपली चूक सांगायची. भिंतीवर तीन नियम लावलेले होते. फक्त स्वतःची चूक सांगा. दुसऱ्याचं नाव घेऊ नका. चूक सांगून झाल्यावर दोषी कोण हे कोणीही शोधणार नाही. मग टाळ्या, आणि टेबलावर लावायला कागदाचं एक सूर्यफूल.

पहिल्या महिन्यात शेजारच्या टीममधल्या ऋत्विज देवधरनं खरी चूक सांगितली. त्यानं चुकीच्या ठिकाणी चुकीची आज्ञा देऊन अर्ध्या कंपनीचं दोन दिवसांचं काम पुसून टाकलं होतं. टाळ्या कडकडून पडल्या. निखिलेशनं त्याला मिठी मारली. मार्चमध्ये ऋत्विजच्या मूल्यमापनात ‘घाईघाईनं काम करतो’ असं एक वाक्य आलं आणि त्याची बढती राहिली. ते वाक्य कुठून आलं हे कोणी शोधलं नाही, कारण शोधायचं नाही असा नियम होता.

त्यानंतर आम्ही सगळेच शहाणे झालो. एक जण म्हणाला, मी कामात इतका बुडतो की जेवायचं विसरतो, ही माझी चूक. दुसरी म्हणाली, मी सहकाऱ्यांना मदत करण्यात फार वेळ घालवते. पण अशा गोड चुका तरी किती निघणार? श्रावण संपेपर्यंत टंचाई झाली. मी एक यादी ठेवायला लागलो. बिनविषारी चुका सुचतील तशा लिहून ठेवायच्या आणि पाळीनं वाटायच्या. माझ्या चुका चांगल्या असत, असं मी नम्रपणे सांगतो. दुसऱ्या टीमचे प्रमुख माझ्याकडे यायचे. “एक दे ना, पुढच्या आठवड्यात परत करतो.” ऋत्विज तर दर बुधवारी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. आणि खऱ्या चुका? त्या आम्ही बुधवारपर्यंत गुपचूप मिटवून टाकायचो. गुरुवारी उगाच गडबड नको.

हे सगळं लोंढे मॅडमना जमत नव्हतं. शालन लोंढे, वय एक्कावन्न. एका सरकारी दवाखान्यात ओपीडीच्या खिडकीवर बावीस वर्षं कंत्राटी कारकून होत्या. खिडकी संगणकावर गेली आणि त्यांचं काम गेलं. आमच्या कंपनीनं त्यांना तपासनीस म्हणून घेतलं, कारण रांगेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बासष्ट जणांपैकी कोणीही आयुष्यात हॉस्पिटलच्या रांगेत दोन तास उभं राहिलेलं नव्हतं. नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, घरात कमावत्या त्या एकट्याच. इथेही करारावरच होत्या, आणि तो करार त्या महिन्याच्या शेवटी संपत होता.

मागच्या महिन्यात त्यांची पाळी आली तेव्हा मी त्यांना चिठ्ठी द्यायला विसरलो. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “या महिन्यात माझ्याकडून चूक झालेली नाही. झाली तर सांगेन.” आणि बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना.

या सोमवारी निखिलेशनं मला बोलावलं. “तिच्यात मोकळेपणा नाही, गिरीश. संस्कृतीच्या दहा गुणांपैकी मला तिला दोन द्यावे लागले. वाईट वाटलं रे.”

“पण काम चांगलं आहे. बग सापडावेत तर त्यांनाच.”

“काम काय, कोणीही करतं,” तो म्हणाला. “हे बघ, या गुरुवारी उत्कृष्ट कार्यसंस्कृतीच्या पुरस्काराचे परीक्षक येताहेत. त्यांच्यासमोर ती मोकळी झाली, तर करार वाढवायला मला आधार मिळेल. नाही झाली तर मी तरी काय करणार?”

म्हणून मी मंगळवारी कँटीनमध्ये चिठ्ठी घेऊन बसलो होतो. मॅडमची नोकरी वाचवायला फिकट हिरवा रंग पुरणार होता, आणि बाई ऐकत नव्हत्या.

“सर,” डबा पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, “त्या दहा शून्यांचं काय झालं?”

मी पुन्हा आजूबाजूला पाहिलं.

त्याचं असं होतं. मोबाइल नंबर घातल्याशिवाय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे जाताच यायचं नाही. ही सक्ती माझी. पण हॉस्पिटलात येणाऱ्या प्रत्येकाकडे मोबाइल नसतो. एखादी आजी नुसती पिशवी आणि जुने कागद घेऊन आली, की खिडकीवरची मुलगी बिचारी नंबराच्या जागी दहा शून्यं दाबायची. आणि आमचं सॉफ्टवेअर माणसाला नंबरावरून ओळखायचं. त्यामुळे दहा शून्यांची सगळी माणसं त्याच्या लेखी एकच माणूस होती. आठ वाजता आलेल्या आजोबांनंतर सव्वाआठला दुसरी आजी आली, की आजोबांचं नाव रांगेतून पुसलं जायचं. आजोबा मात्र बाकावरच असायचे.

नगर रोडवरच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात आमचं सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं होतं. लोंढे मॅडम रजेच्या दिवशी आपण होऊन तिथे गेल्या आणि सकाळी आठपासून बाकावर बसून राहिल्या. दुपारी दोन वाजता त्यांच्यासोबत अकरा म्हातारी माणसं होती, ज्यांचं नाव कोणीच पुकारणार नव्हतं. राखणदाराला वाटत होतं ती पंख्याखाली बसायला आली आहेत. हॉस्पिटलकडून तक्रार आली नव्हती, कारण तक्रारीची सोय आम्ही मोबाइलवर केली होती.

त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी हे मला सांगितलं, आणि नियमाप्रमाणे सिस्टिममध्ये ‘गंभीर’ म्हणून नोंदवलं. गंभीर नोंद झाली की तळमजल्यावरच्या मोठ्या पडद्यावर त्या टीमचा दिवा लाल व्हायचा. परीक्षक त्याच पडद्यासमोरून येणार होते. मी माझ्या हातानं ‘गंभीर’च्या जागी ‘किरकोळ’ केलं आणि तारखेच्या रकान्यात ‘नंतर’ लिहिलं. दिवा हिरवा झाला. कोणी केलं, किती वाजता केलं, हे सगळं तिथे नावासकट राहतं. कंपनीतल्या कोणालाही ते दोन क्लिकमध्ये दिसलं असतं.

“परीक्षक येऊन जाऊ देत,” मी म्हणालो. “सोमवारी पहिलं काम तेच.”

“रोज दहा-अकरा माणसं आहेत, सर.”

“मॅडम, तुमचा करार वाढला तर त्या माणसांसाठी तुम्ही काही करू शकाल. नाही वाढला तर कोण करणार?”

हा युक्तिवाद मला तेव्हा फार आवडला होता. त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, चार घड्या करून पर्समध्ये ठेवली आणि डबा धुवायला गेल्या. आपण एका बाईची नोकरी वाचवली, या समाधानात मी दुसरा चहा मागवला.

गुरुवारी हॉल भरला. परीक्षक दोघं होते, एक जाकीट घातलेले गृहस्थ आणि एक वही घेतलेल्या बाई. निखिलेशनं भिंतीवरचे तीन नियम वाचून दाखवले. मग एकेक जण उठला. एकानं सांगितलं की तो ग्राहकांचा इतका विचार करतो की घरच्यांचा वाढदिवस विसरतो. ऋत्विजनं माझ्याकडून नेलेली चूक सांगितली, आणि मी लिहिलेल्या ठिकाणी बरोबर थांबून आवंढाही गिळला. परीक्षक बाई लिहून घेत होत्या.

लोंढे मॅडम शेवटी उठल्या. इस्त्रीची सुती साडी, हातात माझी चिठ्ठी. ती त्यांनी उघडली, वाचली आणि परत घडी केली.

“हे मला लिहून दिलेलं आहे,” त्या म्हणाल्या. “मजकूर चांगला आहे. पण ही चूक मी केलेली नाही. मी केली ती दुसरी आहे, ती सांगते.”

मग त्यांनी दहा शून्यांचं सगळं सांगितलं, खिडकीवर माहिती देतात तशा सरळ आवाजात. बाकावरची अकरा माणसं सांगितली. त्यातल्या एका आजोबांनी तीन दिवस येऊन चौथ्या दिवशी येणं सोडलं, हे खिडकीवरच्या मुलीकडून कळलेलंही सांगितलं.

“मी हे वर सांगितलं. नंतर बघू, असं उत्तर मिळालं. आणि मी गप्प बसले, कारण माझा करार संपत आलाय. मला माहीत असूनही तीन आठवडे माणसं परत जात राहिली. ही माझी चूक.”

जाकीटवाल्या परीक्षकांनी विचारलं, “तुम्ही कोणाला सांगितलं होतं?”

मॅडमनी भिंतीकडे बोट केलं. “दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असं इथं ठरलेलं आहे,” त्या म्हणाल्या आणि बसल्या.

अशा टाळ्या पडल्या की मी त्या हॉलमध्ये तशा कधी ऐकल्या नव्हत्या. परीक्षक बाईंनी डोळे पुसले. निखिलेशनं सूर्यफूल दिलं. ते हातात धरून मॅडम कुठे ठेवावं ते शोधत राहिल्या. मीही टाळ्या वाजवत होतो. सगळे वाजवत असताना मी एकट्यानं थांबलो असतो तर दिसून आलं असतं.

कोणालाच केबिन नसलेल्या आमच्या कंपनीत निखिलेशला पाचव्या मजल्यावर एक खोली होती. तिला संवादकक्ष म्हणत. परीक्षक गेल्यावर मी तिथे गेलो.

“पुरस्कार आपलाच,” निखिलेश म्हणाला. “बाई रडल्या रे. काय मोकळी झाली आज ती.”

“मग करार वाढवायचा ना?”

त्यानं मला खुर्ची दिली. “गिरीश, ते कसं शक्य आहे? तिनं सगळ्यांसमोर कबूल केलं की गंभीर दोष तीन आठवडे लपवला. अशा माणसाला तपासनीस म्हणून ठेवायचं?”

“पण चूक सांगितली म्हणून शिक्षा करायची नाही, असं आपण…”

“शिक्षा कोण करतंय? आपण फक्त करार वाढवत नाही आहोत. पुढच्या शुक्रवारी पत्र देऊ. निरोपसमारंभ करू, केक आणू.”

“त्यांनी लपवलं नाही. कोणाला तरी सांगितलं होतं.”

“कोणाला?” त्यानं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत हात वर केला. “नको. नाव नको. दोषी शोधायला लागलं की वातावरणात भीती येते. ती मला इथे नकोय.”

मला त्या वेळी जे वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर कोणी पाणी दिल्यासारखं बरं वाटलं, आणि त्याची लाज वाटायला पाचव्या मजल्यावरून तिसऱ्यावर येईपर्यंत वेळ लागला.

शुक्रवारी सकाळी माझ्या टीममधल्या तन्मयी भुस्कुटेनं दहा शून्यांचा प्रश्न सोडवला. तिला चाळीस मिनिटं लागली. नंबराची सक्ती काढली, माणूस ओळखायला टोकन वापरलं, झालं. नगर रोडच्या हॉस्पिटलात तिनं स्वतः फोन करून बाकावरच्या माणसांना पुन्हा टोकन द्यायला लावलं. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

“गिरीश, मी नोंद बघितली. ‘किरकोळ’ कोणी केलं ते तिथे आहे.”

“माहीत आहे.”

“मॅडमना पत्र मिळणार आहे, तेही माहीत आहे?”

“माहीत आहे गं.”

“मी हॉलमध्ये उठून बोलले तर ती दुसऱ्याची चूक झाली. मला खाली बसवतील.” ती तिच्या टेबलावरच्या सूर्यफुलांकडे बघत होती, चारही माझ्याच यादीतली होती. “पुढच्या गुरुवारी आपल्या टीममधून माझी पाळी आहे. ती तू घे.”

पुढचे सहा दिवस मी दाढी करताना आरशासमोर बोलायचा सराव केला. मला चांगली टीम कशी बांधावी या विषयावर आता कॉलेजांतून बोलायला बोलावतात, आणि पोरं विचारतात की सर, तुम्ही भीती कशी घालवलीत. भीती गेली नव्हती. मला मुलगा दोन वर्षांचा होता, घर नवं होतं, आणि सुरुवातीला ऋत्विजचं काय झालं ते मी पाहिलं होतं. पण लोंढे मॅडम त्या आठवड्यात रोज नऊला येत होत्या, आपलं काम तपासत होत्या आणि ज्या बाईनं माझं नाव घेतलं नाही तिला मी रोज “गुड मॉर्निंग” म्हणत होतो. ते आणखी एक आठवडा जमलं नसतं.

गुरुवारी मी उठलो. हॉलमध्ये तेच सगळे, फक्त परीक्षक नव्हते. मॅडम शेवटच्या रांगेत दाराजवळ बसल्या होत्या.

“मागच्या आठवड्यात लोंढे मॅडमनी जी चूक सांगितली ती त्यांची नव्हती, माझी होती,” मी म्हणालो. “नंबराची सक्ती मी केली. दहा शून्यांचं कळल्याबरोबर त्यांनी मला सांगितलं आणि गंभीर म्हणून नोंदवलं. दिवा लाल होऊ नये म्हणून मी ते किरकोळ केलं. त्यांनी पुन्हा विचारलं तरी मी नंतर, नंतर करत होतो. माणसं माझ्यामुळे परत गेली. त्यांनी काहीही लपवलेलं नाही, आणि त्यांचा करार जाता कामा नये.”

एका दमात बोललो. आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉलमध्ये मी स्वतः न रचलेलं वाक्य बोलत होतो.

निखिलेश सावकाश उठला. त्याचे डोळे भरून आले होते.

“पाहिलंत?” तो सगळ्यांना म्हणाला. “मी तीन वर्षं ज्याची वाट बघत होतो ते हे. टीममधल्या एका माणसाची नोकरी जातेय, आणि तिचा प्रमुख तिची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय.”

“नाही, नाही,” मी म्हणालो. “अंगावर घेत नाहीये. खरंच मी केलंय. सिस्टिममध्ये नोंद आहे, उघडून बघा.”

“बघा, अजूनही घेतोय,” निखिलेश हसून म्हणाला, आणि सगळा हॉल प्रेमानं हसला. “नोंद आम्ही उघडणार नाही, गिरीश. जिथे विश्वास आहे तिथे पुरावे मागायचे नसतात.”

टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. त्यांचं तरी काय चुकलं? वर्षभर त्यांना चुका मीच पुरवत होतो. ऋत्विज पुढच्या रांगेतून माझ्याकडे वाकला आणि कौतुकानं म्हणाला, “काय बनवलीस रे! ही स्वतःसाठी राखून ठेवली होतीस होय?”

माझ्या मागे हॉलमधल्या संगणकाचा पडदा चालू होता. टेबलावर, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, माउस होता. तन्मयी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे आणि मग त्या माउसकडे बघत होती, पुन्हा पुन्हा. दोन क्लिक.

निखिलेशनं मला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून मला सगळे उभे असलेले दिसत होते. मी सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं, नोंद बघा असंही म्हटलं होतं. त्यांनी मानलं नाही, याला मी काय करणार, असं मी त्या मिठीतच ठरवून टाकलं. मग सूर्यफूल घेतलं आणि जागेवर जाऊन बसलो.

शुक्रवारी दुपारी तीन मेल आले. पहिल्यात पुरस्कार मिळाल्याचं होतं. दुसऱ्यात मला संस्कृतीच्या कामात निखिलेशच्या हाताखाली बढती दिल्याचं. तिसरा, चार वाजता चौथ्या मजल्यावर केक असल्याचा. लोंढे मॅडम केकला थांबल्या नाहीत. मला त्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशी दिसल्या, डब्याची पिशवी आणि पर्स घेऊन उभ्या. पत्राचं पाकीट पर्समधून वर आलं होतं.

“मॅडम,” मी म्हणालो, “काल मी सगळं सांगितलं. तुम्ही ऐकलंत ना?”

“ऐकलं, सर.”

“त्यांनी विश्वासच ठेवला नाही.”

“हो.”

“मी खरं तेच बोललो. आता यापुढे मी काय करणार, सांगा.”

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, असता तर मला सोपं गेलं असतं.

“खिडकीवर आम्ही पेशंटचं नाव तीनदा पुकारायचो,” त्या म्हणाल्या. “तसा नियमच होता. पहिल्यांदा कोणाला ऐकूच जात नाही. माणूस समोरच बसलेला असतो, पण त्याला वाटतं दुसऱ्या कोणाला तरी बोलावताहेत. तीनदा पुकारून झाल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही.”

लिफ्ट आली. “येते, सर,” म्हणून त्या आत गेल्या आणि दार बंद झालं.

मी तिथेच उभा राहिलो आणि वर जायचं बटण दाबलं. आकडे तीनवरून शून्यापर्यंत उतरले, थोडे थांबले आणि पुन्हा वर यायला लागले. दार उघडलं तर आत निखिलेश होता, हातात केकचा खोका. त्यानं पाय घालून दार अडवलं.

“गिरीश, तू माझ्याकडेच निघाला होतास का?” त्यानं विचारलं. “काही बोलायचं होतं?”

“नाही,” मी म्हणालो. “काही नाही.”